नवीन मशीन बूट होत नाहीये? आधी बघा, अडलंय कुठे

नवीन लॅपटॉप आणला किंवा नवीन बोर्ड-प्रोसेसर जोडला, विंडोज किंवा लिनक्स टाकायला पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीन काळी ती काळीच, की बहुतेक जण लगेच पेनड्राइव्ह परत बनवायला घेतात नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये (फर्मवेअरमध्ये), घुसून दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू, सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा) बंद, फास्ट बूट बंद, सगळं एकाच दमात. मग मशीन चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर आता जुन्या अडचणीत नवीन किती मिसळल्या तेही कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की काहीही बदलायच्या आधी मशीन नक्की कुठपर्यंत पोचतंय ते बघा, कारण प्रत्येक टप्प्याची कारणं वेगळी असतात आणि एका टप्प्याचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

सगळ्यात आधी, कंपनीचा लोगो तरी येतोय का? नसेल येत तर पेनड्राइव्हचा, आयएसओचा (इन्स्टॉलरच्या डाउनलोड केलेल्या फाइलचा) काही संबंधच नाही, ते बाजूला ठेवा. डीडीआर५ रॅमवाल्या नवीन बोर्डांवर, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेण्याचं काम, चालतं आणि तेव्हा काही मिनिटं स्क्रीनवर काहीही दिसत नाही. लोक घाबरून पॉवर बंद करतात आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू. थांबा जरा. बोर्डावर छोटे डीबग एलईडी असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे, त्यातला कुठला पेटून राहतोय ते बघा. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवीन असेल तर बायोस त्याला ओळखतच नाही असंही होतं, अशा वेळी बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट करता येतो.

लोगो येतो पण पेनड्राइव्ह सुरू होत नाही, हा दुसरा प्रकार. इथे बूट मेनू नीट वाचा. जुना मोड म्हणजे सीएसएम चालू असेल तर बऱ्याच मशीनवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय (नवीन बूट पद्धत) लिहिलेला आणि एकदा नुसता. नुसता निवडलात तर इन्स्टॉलर जुन्या लेगसी मोडमध्ये उघडतो, आणि विंडोज तुम्हाला डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवीन रचना) आहे म्हणून नकार देतं. उलटही होतं, यूईएफआयमध्ये उघडलंत आणि डिस्क एमबीआर (जुनी रचना) असली की तिथेही नकार. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की लेगसी बायोसचा सपोर्ट २०२० पर्यंत काढणार, त्यामुळे नवीन हार्डवेअरवर सीएसएम शोधत बसण्यात अर्थ नाही, यूईएफआय आणि जीपीटी हीच जोडी धरा. लिनक्सच्या लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवताना) कुठल्या मोडमध्ये आहोत ते बघायचं असेल तर सिसच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये (/sys/firmware) ईएफआय नावाचा फोल्डर आहे का बघा, असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी, संपला प्रश्न.

पेनड्राइव्ह बनवतानाची एक गोम म्हणजे यूईएफआयला फॅट३२ हे फॉरमॅट नक्की वाचता येतं पण फॅट३२ वर ४ जीबीची एक अख्खी फाइल बसत नाही आणि विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉल डॉट विम त्याहून मोठी असू शकते, म्हणून नुसतं कॉपी-पेस्ट न करता नीट टूल वापरा. आणि डाउनलोडचा एसएचए-२५६, म्हणजे फाइल नीट उतरली का ते सांगणारा कोड, साइटवरच्याशी जुळवा, तेवढा एक मिनिट द्याच.

सिक्युअर बूटबद्दल मला मनापासून वाटतं की ते बंद करणं हा पहिला उपाय नसावा. मोठ्या डिस्ट्रो (उबंटूसारखे लिनक्सचे प्रकार) शिम नावाचा सही केलेला छोटा बूटलोडर, म्हणजे ओएस सुरू करून देणारा प्रोग्राम, वापरतात आणि सिक्युअर बूट चालू ठेवून आरामात चालतात. सिक्युरिटी व्हायोलेशन असा मेसेज आला तर बहुतेक वेळा इमेज (आयएसओ) जुनी असते, कारण ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमधली बूटहोल ही त्रुटी २०२० मध्ये उघड झाल्यापासून जुन्या बूटलोडरांवर वेळोवेळी बंदी येत गेली आहे. शिवाय या सह्या तपासायला वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते आणि त्यांच्या जागी २०२३ ची आली आहेत, तेव्हा जुना आयएसओ सोडा आणि ताजा घ्या. काही नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं थर्ड पार्टी सर्टिफिकेट बायोसमध्ये बंद करून दिलेलं असतं, तेवढं चालू केलं की लिनक्स सुरू होतं, सिक्युअर बूटला हातही लावावा लागत नाही.

आता ज्याने सगळ्यात जास्त लोक हैराण होतात ते. इन्स्टॉलर छान उघडतो, भाषा विचारतो, पुढे जातो, आणि कुठे इन्स्टॉल करायचं त्या स्क्रीनवर यादी रिकामी, एकही डिस्क नाही. लोकांना वाटतं एसएसडी खराब आली. बायोसमध्ये जाऊन बघा, तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर ती धडधाकट आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी चालू करून दिलेलं असतं, म्हणजे एनव्हीएमई डिस्क थेट न दिसता त्या कंट्रोलरच्या मागे जाते, आणि ड्रायव्हर नसला की विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. लॅपटॉपच्या सपोर्ट पेजवरून इंटेलच्या आरएसटीचा (याच कंट्रोलरचा) ड्रायव्हर घ्या, पण ती एक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, ती उलगडून आत आयएनएफ फाइल असलेला फोल्डर काढायचा, तो पेनड्राइव्हवर ठेवायचा, आणि त्याच रिकाम्या स्क्रीनवर लोड ड्रायव्हर दाबून तो फोल्डर दाखवायचा. व्हीएमडी कंट्रोलर अशी ओळ येते, ती निवडून नेक्स्ट केलं की काही सेकंदात डिस्क हजर होते.

दुसरा रस्ता बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा. डिस्क पूर्ण पुसायची असेल तर खुशाल करा. पण त्या डिस्कवर आधीच विंडोज असेल आणि ते ठेवायचं असेल तर सावकाश, कारण असं एकदम बदललं की जुनं विंडोज निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून पडतं, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की मागतं. ती की आधी लिहून ठेवा, मग बायोसकडे वळा. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण इथे गेलेला डेटा परत येत नाही.

लिनक्सवाल्यांची काळी स्क्रीन मात्र वेगळी असते. ग्रबचा मेनू दिसतो, एंटर दाबलं की सगळं गायब. ग्राफिक्स कार्ड नवीन आणि इमेजमधला कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना असला की हे हमखास होतं. ग्रबवर ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, त्यातले क्वाएट (quiet) आणि स्प्लॅश (splash) खोडा, शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, डिस्कवर काही लिहिलं जात नाही, म्हणून बिनधास्त करून बघा. क्वाएट काढल्याचा फायदा असा की काळ्या स्क्रीनऐवजी कर्नलचे मेसेज धावताना दिसतात, आणि गाडी जिथे थांबते ती शेवटची ओळ मोबाइलने फोटो काढून ठेवायची, तीच ओळ शोधली की निम्मं काम होतं. नोमोडसेट कायमचं ठेवू नका, त्याने रिझोल्यूशन अडकतं आणि कार्डाची ताकद वापरली जात नाही, ते फक्त आत शिरण्यापुरतं. खरा उपाय नवीन कर्नल. उबंटू एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची आवृत्ती) घेत असाल तर दुसऱ्या पॉइंट रिलीजपासून नवीन हार्डवेअरसाठीचा एचडब्ल्यूई कर्नल येतो, तीच इमेज घ्या. डेबियनने २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून नॉन-फ्री फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच द्यायला सुरुवात केली, त्याने वायफायचा त्रास बराच कमी झालाय.

राहिला शेवटचा टप्पा, इन्स्टॉल पूर्ण झालं, रीस्टार्ट केलं आणि मशीन सरळ बायोसमध्ये जाऊन बसलं. इथे परत इन्स्टॉल करायची अजिबात गरज नसते. ओएस डिस्कवर असते, फक्त फर्मवेअरला तिचा पत्ता माहीत नसतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआर (efibootmgr) ही कमांड चालवून ओएसची एंट्री आहे का बघा. काही फर्मवेअर एंट्री विसरतात आणि ईएफआय पार्टिशनच्या (बूटच्या फाइल्स ठेवायच्या छोट्या भागाच्या) बूट फोल्डरमधली बूटएक्स६४ ही ठरलेली फाइलच फक्त उघडतात, त्यांच्यासाठी ग्रब-इन्स्टॉल करताना रिमूव्हेबल हा पर्याय द्यायचा, मग ग्रब त्याच जागी बसतो.

आणि मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर इन्स्टॉल करताना दुसरी काढून ठेवा, निदान बायोसमधून बंद करा. विंडोजला जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन सापडलं तर ते बूटलोडर तिथेच टाकू शकतं, सगळं महिनोन्‌महिने व्यवस्थित चालतं आणि ज्या दिवशी ती जुनी डिस्क काढता त्या दिवशी नवीन डिस्कवरचं धडधाकट विंडोज उठतच नाही. तसं झालंच असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट-एफ१० दाबा, डिस्कपार्टमध्ये नवीन डिस्कवर फॅट३२ चं छोटं ईएफआय पार्टिशन करा, त्याला ड्राइव्हचं अक्षर द्या आणि बीसीडीबूट कमांडने बूटच्या फाइल्स त्यावर टाका.