सातारा ते पुणे: मूत्राशयाच्या ऑपरेशनच्या फेऱ्या

लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही, म्हणून दोन महिने अंगावर काढलं. तुम्ही काढू नका. दुर्बिणीतून गाठ खरवडून तपासायला पाठवली, तर कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत उतरलेला. तीस वर्षं बिडी ओढली. तंबाखूतली विषं लघवीवाटे मूत्राशयात येऊन साठतात, हे मला पुण्यातच कळलं.

आधी केमोची चार सायकल, दर 21 दिवसांनी एक, पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाईन. म्हणजे आठ वेळा पहाटेची एसटी धरून स्वारगेट. सिस्प्लॅटिन ह्या केमोच्या औषधाच्या दिवशी मूत्रपिंडं जपायला भरपूर सलाईन चढवतात, अख्खा दिवस जातो. त्या रात्री परतू नका, मुक्कामाची सोय बघून ठेवा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अॅडमिट व्हायच्या आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला भेटा. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते तिथंच विचारायचं.

ऑपरेशनमध्ये मूत्राशय काढून टाकतात आणि लघवी बाहेर यायला पोटावर तोंड करतात, तो स्टोमा. त्यावर लघवीची पिशवी चिकटवायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा नर्सताईंनी मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं आणि पोटावर उजवीकडे पेनानं फुली मारली. हिनं सामानातून माझा लेंगा काढला. "ताई, ह्यांची नाडी इथंच येते हो." खरंच, फुली नेमकी नाडीखाली होती. ती दोन बोटं खाली सरकली. रोजचे कपडे बरोबर न्या, एवढं माझं ऐकाच.

लहान आतड्याचा साधारण 15 सेंटीमीटर तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात, आणि त्याचं टोक पोटावर काढतात. पुरुषांची प्रोस्टेटही जाते. नवराबायकोच्या संबंधांचं काय, हे मी लाजून विचारलं नाही. तुम्ही आधीच विचारा.

स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला दिसतो. हात लावला तरी दुखत नाही. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, आतड्याचा चिकटा असतो तो. घरी पहिल्यांदा पिशवी बदलताना मी तिच्या चिकटपट्टीचं भोक मोठं कापलं आणि भोवतालची कातडी सोलवटून निघाली. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसतो, म्हणून दर वेळी माप घ्यायचं. बदलायची ती सकाळी, चहापाण्याआधी. तेव्हा लघवी कमी असते. हे सगळं डिस्चार्जच्या आधी घरच्या माणसाच्या हातून दोनदा तरी करून घ्या.

तपासणीच्या फेरीला पिशवीचा भोक कापून ठेवलेला एक जादा सेट, टॉवेल आणि बदलायचा लेंगा सोबत ठेवतो. एसटीत चढण्याआधी पिशवी रिकामी करायची, मग शिरवळला पुन्हा. खालची तोटी उघडली की उभ्यानंच काम होतं. निम्मी भरायच्या आत करायचं, नाहीतर वजनानं चिकटपट्टी सुटते. परवा परतताना खंबाटकी घाट चढत होतो तेव्हा हिनं हळूच विचारलं, "भरली का हो?" शर्टावरून हात लावून बघितलं, कोमट लागली. अजून जागा होती, सातारा स्टँडपर्यंत पुरली.