माळ्यावरचे स्पीकर लॅपटॉपला जोडताना

डेस्कटॉप भंगारात जातो, पण त्याच्याबरोबर आलेले स्पीकर माळ्यावर तसेच राहतात. लॅपटॉपच्या आतल्या बोटभर स्पीकरपेक्षा हे जुने डबे कितीतरी भरीव वाजतात, म्हणून ते टाकायची घाई नको. जोडल्यावर वाजले नाहीत तरी बहुतेक वेळा दोष पिन, वायर किंवा सेटिंगचा असतो, आतला अँप्लिफायर (आवाजाचा सिग्नल ताकदवान करणारं सर्किट) क्वचितच गेलेला असतो.

आधी स्पीकर कोणत्या जातीचे आहेत ते बघा. २३० व्होल्टची स्वतःची वायर किंवा वीजपुरवठ्यासाठी यूएसबी असेल तर आत अँप्लिफायर आहे, ते थेट चालतील. म्युझिक सिस्टिममधून काढलेले, फक्त दोन उघड्या तारांचे स्पीकर लॅपटॉपला थेट लावू नका. हेडफोनच्या भोकातून तेवढी ताकद निघत नाही, मध्ये अँप्लिफायर लागतोच.

स्पीकरची पिन ३.५ मिमीची, बहुधा हिरवी. तिच्यावर दोन काळ्या रेघा आणि तीन भाग: टोक डावा चॅनल (डाव्या स्पीकरचा आवाज), मधला भाग उजवा, मुळाचा भाग ग्राउंड, म्हणजे दोघांची सामाईक परतीची तार. आजच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं, त्यात ही पिन चालते. दोन भोकं असतील तर हेडफोनचं चित्र असलेल्या भोकात लावा. ५.१ सेटच्या (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) तीन पिना असतात, त्यातली फक्त हिरवी लावायची. पुढचे दोन स्पीकर वाजतील, सबवूफर आणि मागचे वाजतील की नाही ते सेटवर अवलंबून.

भोकच नसलेल्या लॅपटॉपला टाइप-सीचा अडॅप्टर लागतो, आणि इथे लोक हमखास फसतात. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात. ते काही मोबाइलवर चालतात, लॅपटॉपवर सहसा मुके राहतात. दुकानात डीएसी चिप (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारी) असलेलाच मागा. तो लावला की लॅपटॉपच्या साउंडच्या यादीत नवं ऑडिओ डिव्हाइस दिसतं, तेच निवडायचं.

पिन लावूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आउटपुट बदला. आवाज लॅपटॉपवर ७०-८० टक्के ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणानं करा. लॅपटॉप २० टक्क्यांवर आणि स्पीकर पूर्ण वर असं केलं की गाण्याबरोबर सूं-सूं पण तेवढीच वाढते.

गाण्यात वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज गायब, अशी तक्रार नेहमीची. ग्राउंड सुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. गायकाचा आवाज दोन्ही चॅनलना सारखा असतो. ग्राउंड नसला की दोन चॅनलमधला फरक तेवढा उरतो आणि सारखं ते सगळं कटतं. पिन पूर्ण आत दाबा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली पिन कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात काळवंडते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा.

पिन हलवली की एक बाजू येते-जाते तेव्हा वायर आत तुटलेली असते, जवळजवळ नेहमी पिनेच्या मानेपाशी. पिनेपासून ५ सेंटीमीटर वायर कापून टाका आणि नवीन ३.५ मिमी स्टिरिओ पिन झाळा. सहसा लाल उजवा, पांढरा डावा, उघडी तांब्याची ग्राउंड. पण स्वस्त वायरीत रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरनं कंटिन्युइटी तपासा, म्हणजे कोणती तार कुठे जोडली आहे ते कळेल. काही वायरींच्या तारांवर रंगीत लॅकर, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर असतो. तो खरवडला नाही तर झाळ वर नुसती बसते, पकडत नाही, आणि माणूस सोल्डरिंग आयर्नला दोष देत बसतो.

आता घरघर. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर तो ग्राउंड लूप: लॅपटॉप आणि स्पीकर ऑडिओची वायर आणि विजेचं अर्थिंग अशा दोन वाटांनी जोडले गेले की त्या फेऱ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह शिरतो. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डवर लावून बघा. फरक पडला नाही तर मध्ये ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. स्वस्त आयसोलेटरनं बास थोडा हलका होतो, एवढं सोसावं. चार्जरची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका, ती तुमच्या जिवासाठी आहे. यूएसबीवरून फक्त वीज घेणाऱ्या स्पीकरमध्ये चिरचिर येत असेल तर यूएसबी लॅपटॉपमधून काढून मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरला द्या. यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरपर्यंतच असते, त्यामुळे मोठ्या आवाजात ढोल वाजला की आवाज फाटतो, तेही यानं सुधारतं.

व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घुमत असेल तर पॉवर सप्लायचा कंडेन्सर (वीज साठवून सपाट करणारा छोटा नळकांडीसारखा भाग) गेलाय. ही घुमणी १०० हर्ट्झची, जरा चढी. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घुमत असेल तर तो इन्व्हर्टरचा दोष, कंडेन्सर बदलू नका. फुगलेल्या कंडेन्सरवरचे आकडे वाचा, उदाहरणार्थ २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाहीत. कंडेन्सरवर पट्टा छापलेली बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो. डबा उघडण्याआधी २३० व्होल्टचा प्लग काढून काही मिनिटं थांबा.

कोल्हापूरच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेला सबवूफर सांभाळून ठेवला असेल तर तो नुसता वाळलाय म्हणून प्लगला लावू नका. भुशाचा डबा फुगून सांधे सुटलेले असतात, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात ओल आणि गाळ बसलेला असतो. आधी जाणकाराकडून मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशन तपासून घ्या. ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवा.

आणि व्हॉल्यूम फिरवताना खर्र-खर्र होतं ते पॉटमधल्या (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता भाग) कार्बनवर बसलेल्या घाणीनं. प्लग काढा, पॉटच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, बटण या टोकापासून त्या टोकाला २५-३० वेळा फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या. शिलाई मशीनचं तेल घालू नका, धूळ त्यावर आणखी चिकटते.