वीस पावत्या

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रामरच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू दिला. ऑनलाइन, ४५ मिनिटं, स्क्रीन शेअर करून. घेणाऱ्याचा कॅमेरा बंद. प्रश्न असा, की सॉर्ट केलेला ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेली आकड्यांची यादी, मधूनच तोडून मागचा तुकडा पुढे लावलाय, त्यात एक आकडा शोधा. म्हणजे बायनरी सर्च: दर वेळी मधला आकडा बघायचा आणि अर्धी यादी सोडून द्यायची. अकरा वर्षांच्या नोकरीत मी तो हाताने एकदाही लिहिलेला नाही, पण आठवडाभर घोकला होता, म्हणून जमला.

मग तो म्हणाला, "मिड काढताना लो आणि हायची थेट बेरीज केलीत. ॲरे प्रचंड मोठा असला तर ती इंटिजरमध्ये मावणार नाही." मिड म्हणजे मधली जागा, लो आणि हाय ही शोधायच्या भागाची दोन टोकं, आणि इंटिजर म्हणजे पूर्णांक, त्याला कॉम्प्युटरमध्ये ठरावीकच जागा. बरोबर होतं त्याचं. फक्त हीच चूक खुद्द जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये, नऊएक वर्षं निवांत पडून होती आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनेच २००६ मध्ये ती जगाला सांगितली. हे मी बोलले नाही. इंटरव्ह्यूत असलं काही बोललं की आगाऊपणा दिसतो.

माझं रोजचं काम म्हणजे गावोगावच्या दूध संस्थांचं सॉफ्टवेअर. शेतकरी दूध घालतो, फॅट लागते, पावती निघते, दर दहा दिवसांनी बिल. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला: "मॅडम, पाच-सहा जणांचं बिल पावत्यांशी जुळंना." फरक किती? कुणाचा १४ रुपये, कुणाचा ३१. पावत्या वीस, बिलातल्या नोंदीही वीस. दर बरोबर, फॅट बरोबर. तीन दिवस मी डोकं आपटत होते.

चौथ्या दिवशी सहज विचारलं, "काका, ही माणसं किती वाजता येतात हो?"

"ही होय? ही पाचलाच दारात. पुढं रानात जायचं असतंय."

झालं. सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ५:१० चं दूध त्याच्या लेखी आदल्या रात्री ११:४० चं. म्हणजे १ तारखेच्या सकाळचं दूध मागच्या बिलात जात होतं आणि ११ तारखेच्या सकाळचं या बिलात येत होतं. एक गेलं, एक आलं, नोंदी वीसच्या वीस! दुरुस्ती एका ओळीची.

असा प्रश्न एखाद्याला सुचेल का, हे ४५ मिनिटांत कुणी कसं तपासणार, मलाही माहीत नाही. शिवाय कुणी बघत असलं की माझी बोटं जड होतात. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात ४८ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला होता. समोर माणूस बसवल्यावर कामगिरी निम्म्याहून खाली आली.

आता आमच्याकडे मीच इंटरव्ह्यू घेते. त्याच वीस पावत्या आणि ते बिल, नावं खोडून, टेबलावर ठेवते आणि म्हणते, काय वाटेल ते विचारा. मग चहा आणायला जाते. बहुतेक जण काहीच विचारत नाहीत, मान खाली घालून बेरजा करत बसतात. परवा एका मुलाने पाच मिनिटांत मान वर केली. "ताई, हे लोक दूध किती वाजता घालतात?"

लगेच घेतला त्याला. घरी चार म्हशी आहेत हे नंतर कळलं.