टूसॉनची गोगलगाय: त्या टेकडीकडे फिरकू नका, पैसे तर मुळीच देऊ नका

माणशी १२० डॉलर. दोघांचे २४० मोजून ऑगस्टातल्या त्या सकाळी आम्ही काय पाहिलं, तर तारेचं कुंपण आणि खाजगी जागेची पाटी. गाइड फोनवर छातीठोकपणे म्हणाला होता, "पाऊस झालाय, जिवंत गोगलगाय दाखवतो." कुंपणापाशी आल्यावर म्हणतो, पलीकडून चढू, कोणी बघत नाही. आम्ही तिथूनच मागे फिरलो. पैसे बुडाले.

ही गोगलगाय म्हणजे सॅन हाविएर टॅलसस्नेल, शास्त्रीय नाव सोनोरेला एरेमिटा. शंख जेमतेम दोन सेंटिमीटरचा. पिल्सब्री आणि फेरिस या अभ्यासकांनी १९१५ साली तिचं वर्णन केलं. अ‍ॅरिझोनात टूसॉनच्या दक्षिणेला तांब्याच्या खाणींचा पट्टा आहे, तिथल्या एका टेकडीवर चुनखडीच्या सुट्या दगडांचा उतार, म्हणजे घसारा आहे, साधारण १५ बाय ३० मीटरचा. या जातीचं माहीत असलेलं घर एवढंच. वाट मुद्दाम देत नाही.

आपण सह्याद्रीत घसारा म्हटला की पाय कसा टाकायचा एवढाच विचार करतो. इथे दगडांच्या फटीच महत्त्वाच्या, कारण खोलवरचा गारवा आणि ओल तिथेच टिकते. कोरड्या महिन्यांत गोगलगाय स्वतःच्या चिकाने शंखाचं तोंड दगडाला घट्ट चिकटवून पडून राहते. पाऊस पडला की वर येते, ते दिवस वर्षात थोडेच. तुम्ही दगड उचललात की तो चिकाचा पडदा तुटतो आणि ती वाळून मरू शकते. दहा हौशी मंडळींनी दहा-दहा दगड उलटले तर त्या एवढ्याशा उतारावर काय उरेल? त्या गाइडवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

कागदावरची स्थितीही समजून घ्या. १९९४ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने मांडला. १९९८ मध्ये संबंधित कंपन्या, राज्याचं वन्यजीव खातं आणि केंद्राची वन्यजीव सेवा यांच्यात संवर्धनाचा करार झाला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. म्हणजे तिची भिस्त ठेवली गेली ती त्या करारावर आणि त्या कुंपणावर. अख्खी जात एका उतारावर राहत असेल तर तिला संकटग्रस्तांच्या यादीत जागा मिळायलाच हवी होती, हे माझं ठाम मत.

टॅलसस्नेल बघायचीच असेल तर टूसॉनजवळच्या साबिनो कॅन्यनला जा. तिथे याच सोनोरेला कुळातली वेगळी जात आहे. वाळवंटाने एकमेकांपासून तोडलेल्या या डोंगरांवर डोंगरागणिक जात बदलते. ती ओळखायला आतली जननेंद्रियं तपासावी लागतात, तेव्हा नुसता शंख बघून नाव ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिथली फोनलाइन ट्रेल ही पायवाट मात्र आम्ही उलटी केली आणि चांगलेच पस्तावलो. खालून चढत गेलो. नऊनंतर सावली नावाला नाही, हवेत दमटपणा, उजव्या हाताला तापलेला कातळ, वाटेवर सुटे दगड. एका वळणावर तोल गेला आणि हात टेकला तो थेट चोया निवडुंगावर. काटे फणीने काढावे लागतात, फणी जवळ ठेवाच. तुम्ही ट्रॅमने, म्हणजे कॅन्यनमधल्या पर्यटक-गाडीने, शेवटच्या थांब्यावर जा आणि फोनलाइनने खाली या, आठ किलोमीटरच्या आसपास पडेल. माणशी चार लिटर पाणी, त्याहून कमी नको. ट्रॅमचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. रात्री मोठा पाऊस झाला असेल तर खालच्या दगडी पुलांवरून पाणी वाहतं, तेव्हा रस्त्याने परतायचा विचार सोडा.

आणि तरीही, त्याच वाटेवर, एका शिळेच्या फटीत एक टॅलसस्नेल दिसली. फिकट शंख, खांद्यावर एकच तपकिरी पट्टा, राखाडी अंग ओल्या दगडावरून हळूहळू आत सरकत होतं. शेजारी दगडावर पांढरी गोल कडी होती. मागचा उन्हाळा कुठल्याशा गोगलगायीने तिथे चिकटून काढला होता. काटे टोचलेला हात मी खिशातच ठेवला. पाच मिनिटांनी ती दिसेनाशी झाली.

लेमन पर्वतावरचा दुसरा दिवस छान गेला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.