तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी शिडाची होडी कुठली घ्यावी?

नाशिकला समुद्र नाही, तरी हा प्रश्न मला वरचेवर येतो. "मुलांना घेऊन फिरायला छोटी शिडाची होडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" विचारणारे बहुतेक आईबाबाच असतात. मुलं सहा ते बारा वर्षांची असतात, आणि सगळं घर मावेल अशी ऐसपैस होडी मनात आधीच ठरलेली असते. माझं उत्तर त्यांना सहसा आवडत नाही. तुम्ही दोघं मिळून उचलू शकाल आणि पाण्यात उलटली तर एकट्याने सरळ करू शकाल, अशीच होडी घ्या. लांबी आणि वेगाचा विचार त्यानंतर.

हे मी आपल्या पाण्याकडे बघून सांगते. गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा ही सगळी धरणं. पावसाळा संपताना पाणी काठाच्या गवताला टेकलेलं असतं. मार्च उजाडला की ते मागे सरकायला लागतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. होडी त्या गाळातून न्यायची, आणि संध्याकाळी मुलं दमलेली असताना परत वर आणायची. घरी ती राहणार सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर भिंतीला टेकून. वजन जास्त असलं की एका रविवारी कंटाळा येतो, मग दुसऱ्या, आणि होडीवर धूळ बसते.

वेफेअरर ही होडी फार चांगली आहे. इयान प्रॉक्टरने 1957 मध्ये आखलेली, 4.82 मीटर लांब, आईबाबा, मुलं आणि डबे आरामात मावतात. पण नुसता सांगाडाच 170 किलोच्या आसपास भरतो. ट्रेलर आणि उतरायला पक्का उतार असेल तरच तिचा विचार करा. एंटरप्राइज आपल्याकडच्या क्लबांत बरीच वर्षं चालत आली आहे, त्यामुळे जुनी मिळण्याची शक्यता असते. मात्र शीड मोठं, स्वभाव शर्यतीचा, आणि वजन 90 किलोच्या घरात. लेझर एका माणसासाठी आहे. बाबा खूश होतील, मुलं काठावर बसतील.

मी ज्यांना शक्य आहे त्यांना मिररच सुचवते. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी 1962 मध्ये ती घरी बांधता यावी म्हणूनच आखली. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांध्यांवर फायबरची पट्टी व रेझिन चढवायचं. लांबी 3.3 मीटर, सांगाडा सुमारे 45 किलो. मूळ आखणीत डोलकाठी दोन तुकड्यांची असते, त्यामुळे सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत बसतात आणि गाडीच्या टपावरून काही बाहेर येत नाही. हवेच्या बंद पेट्या होडीतच असल्याने उलटली तरी बुडत नाही. एक मोठं माणूस आणि दोन लहान मुलं नीट मावतात. सातपूर-अंबडकडे फायबरचं काम करणारे मिळतात आणि चांगला सुतार तर हवाच. प्लाय मात्र आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीनच घ्या, इथे पैसे वाचवू नका. मुलांना पॉलिशपेपर हातात द्या. ज्या होडीला त्यांनी घासलंय, तिच्यात ती न घाबरता बसतात.

मिररचा एक दोष आपल्याकडे जाणवतो. वाऱ्याने होडी बाजूला सरकू नये म्हणून तिच्या पोटातून पाण्यात एक फळी सोडतात, ती सरळ खाली जाणारी असते. धरणाच्या तळाशी झाडांचे बुंधे, जुने बांध असतात, कोळ्यांची जाळी लावलेली असतात. काही अडकलं की फळी आपोआप वर होत नाही, हाताने ओढावी लागते. म्हणून ते काम मुलाकडे द्या. खिळीवर फिरणारी, आपटली की मागे दुमडणारी फळी असलेली हलकी होडी मिळाली तर उत्तमच.

आता वाऱ्याविषयी, कारण होडी निवडताना लोक त्याचा विचारच करत नाहीत. किनाऱ्यावर येतो तसा सलग वारा आपल्याला मिळत नाही. त्र्यंबकच्या डोंगरांवरून येताना तो तुटक होतो. क्षणभर पडतो, मग दुसऱ्याच बाजूने झोत येतो. अशा वाऱ्यात रुंद बुडाची होडी आणि आखडता येणारं शीड हवं. शिडाची दोरी खाचेत पक्की बांधून ठेवू नका, हातात धरा. झोत आला की सोडून देता येते. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की काठ गाठा, थांबून बघू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सकाळी मुलांना नेऊ नका, भिजलेलं मूल फार लवकर गारठतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी मला सगळ्यात आवडतात.

ही धरणं जलसंपदा विभागाची आहेत आणि गंगापूरचं पाणी शहर पितं. खाजगी होडी उतरवण्याआधी परवानगी विचारा, ती मिळाल्यावरच पैसे खर्च करा. नांदूरमध्यमेश्वर पक्ष्यांसाठी सोडा, ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं घ्या. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. पहिल्या दिवशी मुलांना घेऊन काठाजवळ होडी मुद्दाम उलटवा आणि सरळ करा. माझ्या मुलांची भीती त्यानंतरच गेली.

आणि मूल आठ-नऊ वर्षांचं झालं, पोहायला लागलं, सुकाणू सोडेनासं झालं की ऑप्टिमिस्ट बघा. क्लार्क मिल्सने 1947 मध्ये एकट्या मुलासाठी आखलेली, 2.3 मीटरची, 35 किलोची. मुंबईतल्या एखाद्या सेलिंग क्लबात त्याला आधी शिकू द्या, होडी मग घ्या. मिरर मात्र विकू नका. धाकट्याला लागेल.