एकवीस धावा

लिफ्टमध्ये, जांभळी नाक्याला भाजी घेताना, ऑफिसात डबा खाताना हा प्रश्न मला सारखा येतो. परवा शेजारच्या काकूंनी अगदी हात धरून विचारलं, "दर रविवारी चर्चमध्ये 'प्रभूठायी विजय आहे' म्हणता आणि घरी तर हे असं. मग विजय कुठे गं दिसतो तुला?" काकू, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

'हे असं' म्हणजे तीन वर्षांपूर्वी यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. चर्चच्या मंडळीने उपास केले, पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आठवडाभर रोज येऊन प्रार्थना करून गेले. पाय थोडा परत आला. हात आला नाही. शब्द पाच-सहा आले, त्यांतला एक माझं नाव.

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळायचे, संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत. खो-खोत संरक्षकाला एकही गुण मिळवायचा नसतो. आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी मागे लागलेली, आणि आपण हूल देत, साखळी करत पळत राहायचं. शेवटी बहुतेक जणी बाद होतातच. आमच्या बाई कडेला उभ्या राहून एवढंच ओरडायच्या, "वेळ काढ गं, वेळ काढ!" आजही पेपरात खो-खोची बातमी वाचा. अमुक खेळाडूने २ मिनिटे १० सेकंद संरक्षण केले, असं छापतात. ती बाद झालेली असते, तरीही छापतात. मला ते फार आवडतं.

माझे सासरे मूळचे सांगलीचे. विजय हजारे १९१५ साली सांगलीत, ख्रिस्ती घरात जन्मले, त्यामुळे आमच्या घरी त्यांचं नाव भाऊबंदांतल्यासारखं निघायचं. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत त्यांनी ११६ आणि १४५ केल्या. पण सासऱ्यांची आवडती गोष्ट १९४३ सालची, मुंबईतल्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्याची. तेव्हा संघ धर्मावर पडायचे आणि ख्रिस्ती खेळाडू 'रेस्ट', म्हणजे बाकीच्यांच्या, संघात असायचे. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. रेस्ट १३३ मध्ये गारद, फॉलोऑन. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. सगळे इथेच थांबतात. सासरे थांबायचे नाहीत. "आणि विवेक?" असं आम्हालाच विचारायचे. समोरच्या टोकाला विजयचा भाऊ विवेक उभा होता. दोघांची भागीदारी ३०० धावांची, आणि तीत विवेकच्या होत्या २१. तो एक टोक धरून राहिला म्हणून ३०९ झाल्या. सामना ते एक डाव आणि ६१ धावांनी हरलेच.

यांना झटका आला त्या वर्षी मला त्या एकवीस धावा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळल्या.

बायबलात प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय आमच्याकडे पुष्कळांना पाठ असतो. त्यात तो संकट, छळ, उपासमार, तलवार अशी यादी देतो आणि म्हणतो, या सर्व गोष्टींत आपण महाविजयी ठरतो. 'गोष्टींत.' गोष्टी टळल्यावर, असं तो म्हणत नाही. शाळेत घोकलेला तो सप्तमीचा 'त' मी कित्येक वर्षं नुसता वाचून पुढे जात होते. आता तोच धरून बसले आहे. हजाऱ्यांचा संघ हरला आणि माझा प्रभू कबरेतून उठला, हा फरक आहेच. निकाल त्या रविवारी सकाळी लागला, असं मी मनापासून मानते. म्हणूनच माझ्या वाट्याच्या दिवसात मला ३०९ करायच्या नाहीत. मला टोक धरायचं आहे.

रोज धरता येतं, असं मात्र नाही. मागच्या पावसाळ्यात यांना रात्री पुन्हा फिट आली. दवाखान्याच्या बाकावर बसून मी प्रार्थनेला डोळे मिटले आणि तोंडून 'हे प्रभो'च्या पुढे शब्द फुटेना. मला प्रभूचा राग आला होता, हेही सांगते. पहाटे मंडळीतल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती कळव्याहून मिळेल त्या गाडीने आली, आणखी दोघींना घेऊन. मला म्हणाली, "तू आज नको करूस प्रार्थना. आम्ही करतो." खो-खोत तुकडीतली तिसरी बाद झाली की पुढच्या तिघी लगेच आत शिरतात, डाव थांबत नाही. त्या बाकावर मला मैदानावरचं ते दृश्य आठवलं आणि मग मी झोपले, बसल्या बसल्या, दोन तास.

बाकी दिवसाचं काय सांगू? पाच वाजता उठते. एक स्तोत्र मोठ्याने वाचते, म्हणजे यांनाही ऐकू जातं. ग्रीसमधल्या करिंथजवळ त्या काळी दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, आणि तिथल्या मंडळीला पौल लिहितो की खेळाडू सगळ्या बाबतींत संयम पाळतो, तोही कोमेजणाऱ्या मुकुटासाठी. माझा संयम बहुतेक वेळा पलंगापासून गॅलरीपर्यंतच्या अंतरात खर्च होतो. ती चौदा पावलं आहेत. फिजिओथेरपिस्टने सांगितलंय, घाई करायची नाही, खांदा द्यायचा पण ओढायचं नाही. मी बाजूने चालते आणि पुटपुटते, "वेळ काढा, वेळ काढा." ते हसतात, डाव्या बाजूने.

काल नवव्या पावलाला पाय थरथरला. मी खुर्ची सरकवली, त्यांना बसवलं, डायरीत तारखेपुढे नऊ लिहिलं आणि चहा टाकला.