नॅशनल बँक नोट घेताना आधी चार्टर नंबर बघा

1863 ते 1935 या काळात अमेरिकेत गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत. बँकेने ट्रेझरीकडे (अमेरिकी सरकारच्या खजिन्याकडे) सरकारी रोखे ठेवायचे आणि त्यावर नोटा घ्यायच्या. अगदी सुरुवातीच्या काही नोटा सोडल्या, तर नोटेवर गाव, राज्य आणि चार्टर नंबर, म्हणजे सरकारने त्या बँकेला दिलेला परवाना क्रमांक, असतो. नुसत्या नावावर जाऊ नका. 'फर्स्ट नॅशनल बँक' शेकडो गावांत होती, आणि एखाद्या गावात ती बुडाल्यावर त्याच नावाची दुसरी निघाली, तरी तिचा नंबर वेगळा असे.

सुरुवात 1929 च्या लहान आकाराच्या नोटांपासून करावी. घोटाळा असा होतो की त्याच मालिकेतल्या फेडरल रिझर्व्ह बँक (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) नोटेवरही तपकिरी शिक्का आणि 'नॅशनल करन्सी' हेच शब्द असतात. चार्टर नंबर नसेल आणि ए ते एल यांपैकी एक ठळक काळं अक्षर दिसलं, तर ती गावच्या बँकेची नोट नव्हे.

खऱ्या नोटांचे दोन प्रकार. टाइप 1 वर चार्टर नंबर काळ्या शाईत दोनदा. टाइप 2 वर अनुक्रमांकाशेजारी तपकिरी शाईत आणखी दोनदा. टाइप 1 मध्ये सहा नोटांच्या शीटवर अनुक्रमांक एकच, फक्त त्याच्या आधीचं अक्षर ए ते एफ बदलतं. त्यामुळे शेवटचा अनुक्रमांक 300 असेल तर त्या किमतीच्या 1,800 नोटा छापल्या गेल्या. टाइप 2 मध्ये प्रत्येक नोटेला वेगळा अनुक्रमांक. मात्र भाव ठरतो आज त्या बँकेच्या किती नोटा नोंदल्या गेल्यात त्यावर, म्हणून सेन्सस, म्हणजे अशा नोंदींची यादी, बघितल्याशिवाय बोली लावू नये.

1902 च्या मोठ्या आकाराच्या नोटांचा जीव सह्यांत असतो. बँकेचा प्रेसिडेंट आणि कॅशियर पेनाने किंवा रबरी शिक्क्याने सही करत. नोट धुऊन इस्त्री केली की छापील शाई टिकते, सही मात्र फिकी होते किंवा जाते. मग कुणीतरी ती नव्याने गिरवतं. भिंगाखाली बघा: गिरवलेली रेघ जुन्या रेघेच्या कडेबाहेर जाते आणि घडीच्या तुटक्या तंतूंत पसरते. कागद गुळगुळीत, पण नक्षीचा उठाव बोटाला लागत नाही, अशी नोट स्वस्तातही घेऊ नका. कडा वाकड्या असल्या तर चालतं, कारण शीट बँकेतच कापत.

ठेवायला मायलारचे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) पाऊच घ्या. पीव्हीसी कालांतराने चिकट होतं आणि कागदावर डाग पाडतं.